कोल्हापूरचे रस्ते आणि नऊ नाक्यांचा हिशेब

कोल्हापूर शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचा हा विषय आहे. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प असे त्याचे सरकारी नाव. 2008-09 च्या सुमारास महापालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी समूहाची कंपनी यांच्यात बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) तत्त्वावर करार झाला. कामाची किंमत सुमारे 220 कोटी रुपये आणि टोलवसुलीचा हक्क 30 वर्षे. शहरात येणाऱ्या वाटांवर शिरोली, शाहू नाका, उचगाव, सरनोबतवाडी, आर. के. नगर, कळंबा, पुईखडी, फुलेवाडी, शिये असे नऊ नाके उभे राहिले. टेंबलाईवाडीचा महापालिकेचा भूखंडही नाममात्र भाड्यावर दीर्घ मुदतीने कंपनीला देण्यात आला.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. टोलविरोधी सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली आणि प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे होती. लाखालाखाचे मोर्चे निघाले. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने वसुली थांबवली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती उठवली आणि वसुली पुन्हा सुरू झाली. डिसेंबर 2015 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा झाली. कंपनीला राज्याने द्यायची रक्कम ठरली 459 कोटी रुपये.

त्या लढ्याचा इतिहास बराच लिहून झाला आहे. इथे फक्त पैशाचा माग घ्यायचा आहे: हे रस्ते कुणाच्या खिशातून व्हायला हवे होते, कुणाच्या खिशातून करायचे ठरवले आणि शेवटी कुणाच्या खिशातून झाले. तिन्ही उत्तरे वेगवेगळी आहेत. अशीच चूक आजही अनेक शहरांत नव्या नावाने होऊ घातली आहे, म्हणून हा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

नाका नेमके काय मोजत होता?

टोलचे समर्थन एका वाक्यात होते: जो रस्ता वापरेल त्याने पैसे द्यावेत. तत्त्व चांगले आहे. द्रुतगती मार्गावर ते चालते, कारण तिथे चढायला आणि उतरायला मोजक्या जागा असतात, वापर मोजता येतो आणि ज्याला तो टोल द्यायचा नाही त्याला जुना रस्ता असतो.

शहराचा रस्ता तसा नसतो. राजारामपुरीतून मोटार काढून महाद्वार रोडला गेलेला, तिथून रंकाळ्याला आणि पुन्हा घरी आलेला माणूस प्रकल्पातले कितीतरी किलोमीटर वापरतो, पण एकही नाका ओलांडत नाही. त्याचा टोल शून्य. उलट उचगावहून भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे मंडईला येणारा माणूस प्रकल्पाचा दीड-दोन किलोमीटर रस्ता वापरतो आणि आत येतानाच पावती फाडतो. नाका रस्त्याचा वापर मोजत नव्हता, हद्द ओलांडणे मोजत होता. हद्द ओलांडण्यावरच्या कराला आपल्याकडे जुने नाव आहे: जकात. फरक इतकाच की जकातीचे पैसे महापालिकेच्या तिजोरीत जायचे आणि मालावर लागायचे. इथे ते टोलचा हक्क मिळालेल्या कंपनीकडे जाणार होते आणि वाहनावर लागणार होते.

त्यात आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात टोलनाक्यांवर दुचाकी आणि तीनचाकी साधारणपणे मोकळ्या सुटतात, आणि ते योग्यही आहे, कारण गरीब घराचे वाहन दुचाकीच असते. पण कोल्हापुरात रस्त्यावर निम्म्याहून जास्त गर्दी दुचाकींचीच दिसते. त्यांना वगळले, शहराच्या आतल्या आत फिरणारे आपोआप वगळले गेले, आणि 30 वर्षांचे ओझे उरले ते हद्द ओलांडणाऱ्या चारचाकी आणि मालवाहू गाड्यांवर. कोकणातून फुलेवाडीकडून येऊन महामार्गाकडे निघालेल्या गाडीला शहर नुसते वाटेत लागते. त्या गाडीने कोल्हापूरच्या फूटपाथचे, गटाराचे, दिव्याचे पैसे का भरावेत, याचे उत्तर करारात कुठेच नव्हते.

हद्दवाढ न झालेले शहर

या नाक्यांच्या मागे एक खरा प्रश्न लपलेला होता, आणि तो आंदोलनाच्या गदारोळात दबून गेला. कोल्हापूरची महापालिका डिसेंबर 1972 मध्ये झाली. तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. क्षेत्रफळ 67 चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाख 49 हजार. शहर मात्र केव्हाच हद्दीबाहेर सांडले आहे. उचगाव, पाचगाव, कळंबा, सरनोबतवाडी, शिंगणापूर ही नावाला गावे. तिथल्या अपार्टमेंटमधला माणूस नोकरीला, दवाखान्याला, कॉलेजला, खरेदीला रोज शहरात येतो आणि घरफाळा भरतो ग्रामपंचायतीला. हद्दवाढीचा विषय निघाला की गावांतून कडवा विरोध होतो, कारण शहराचा घरफाळा जास्त आणि सोयी येतील याचा भरवसा नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण शहराचे रस्ते ते वापरतात, हेही खोटे नाही.

म्हणजे सीमेवरचा नाका हे एकच साधन होते ज्याने या लोकांकडून काही वसूल झाले असते. नाक्यांची जागा पाहिली की ते लक्षात येते. चूक प्रश्न ओळखण्यात नव्हती. रोज कामाला येणाऱ्या शेजाऱ्यावर दर फेरीला दंड लावावा तसा कर लावणे, ही चूक होती. रोज 20-25 रुपये आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 6,000 ते 7,500 रुपये होतात. उपनगरातल्या साध्या दोन खोल्यांच्या घराचा वर्षाचा घरफाळाही इतका नसतो. 

वसुलीचे गणित

आता जे आकडे येतील ते उदाहरणादाखल धरलेले आहेत, करारातले नाहीत. मूळ रक्कम तेवढी 220 कोटींची घेतली आहे. कोणत्याही शहरात असे काम निघाले की स्थायी समितीच्या टेबलावर हे गणित आधी यायला हवे.

बीओटी कंपनी 70 टक्के कर्ज बँकेकडून 11 टक्क्यांनी घेते आणि 30 टक्के भांडवल स्वतः घालते, त्यावर 18 टक्के परतावा मागते असे धरा. दोन्हींची सरासरी किंमत 13 टक्क्यांच्या आसपास येते. 220 कोटी 13 टक्क्यांनी 30 वर्षांत फेडायचे तर वर्षाला साधारण 29 कोटी 35 लाख लागतात.

त्यावर नाके चालवण्याचा खर्च. नऊ नाके, तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला 8 माणसे, म्हणजे 216. सुट्टी-रजेची बदली धरून 250. महिना 12,000 रुपये पगार म्हटला तर वर्षाला 3 कोटी 60 लाख. हा पगार धरून वीज, यंत्रे, बंदोबस्त, पैशाची वाहतूक, कार्यालय असे सगळे मिळून 5 कोटी. रस्त्यांची देखभाल 3 कोटी. एकूण गरज 37 कोटी 35 लाख, म्हणजे दिवसाला 10 लाख 23 हजार रुपये. सरासरी पावती 25 रुपयांची धरली तर रोज 41,000 वाहनांनी पैसे भरायला हवेत, पहिल्या दिवसापासून 30 वर्षे, सणवार आणि बंदचे दिवस धरून. दर तीन वर्षांनी दर वाढवण्याची तरतूद ठेवली की सुरुवातीचा आकडा कमी करता येतो, पण मग लोकांच्या डोळ्यांपुढे पावती फुगत जाते.

जमा होणाऱ्या 100 रुपयांतले 13 रुपये निव्वळ पैसे गोळा करण्यात जातात. पेट्रोल-डिझेलवरचा कर तेल डेपोतून बाहेर पडतानाच मिळतो, त्याला नाका लागत नाही. घरफाळ्याची यंत्रणा महापालिकेत आधीपासून असते. बिलात एक ओळ वाढली म्हणून नवे अडीचशे लोक भरावे लागत नाहीत. छोट्या रकमेचा टोल अनेक ठिकाणी घेणे ही सगळ्यांत महाग वसुली आहे. फास्टॅग आल्यावर तो खर्च उतरला, पण 2013 मध्ये सुटे पैसे, कागदी पावती आणि रांग होती.

महापालिकेनेच कर्ज काढले असते तर? 15 वर्षांचे रोखे, व्याज साडेआठ टक्के. वर्षाचा हप्ता 26 कोटी 50 लाख. हप्ता फार कमी दिसत नाही, पण तो 15 वर्षांत संपतो, 30 नाही. कंपनीच्या 30 वर्षांच्या आकड्यांची नुसती बेरीज करून ती याच्या शेजारी ठेवणे मात्र बरोबर नाही, कारण विसाव्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. आंदोलनात अशा बेरजा खूप फिरल्या. तुलना करायची ती व्याजदराची: 13 विरुद्ध साडेआठ. हा साडेचार टक्क्यांचा फरक म्हणजे वाहतूक कमी पडण्याची जोखीम कंपनीने घ्यावी म्हणून आपण दिलेली किंमत. आणि कोल्हापुरात ती जोखीम प्रत्यक्षात आली तेव्हा तिची भरपाई कंपनीने केली नाही, सरकारने केली. विम्याचा हप्ता मान्य करायचा आणि नुकसानही आपणच सोसायचे, असा तो व्यवहार ठरला.

महापालिकेने कर्ज का नाही काढले, याचे उत्तर सरळ आहे. रोखे काढायला पतमानांकन लागते, त्याला दुहेरी नोंद पद्धतीचे ताळेबंद लागतात, वेळेवरचे लेखापरीक्षण लागते आणि घरफाळ्याची वसुली चांगली असावी लागते. मध्यम शहरांच्या महापालिकांत यातले एकेक घोडे अडलेले असते. टोलवर रस्ता द्यायला यातले काहीच लागत नाही, एका ठरावाने काम होते. सोपेपणामुळे ती वाट निवडली जाते. ती स्वस्त असते म्हणून नव्हे.

अंदाजपत्रकात न धरलेली जमीन

शहरात रस्ता म्हणजे वरचा थर असे धरून अंदाजपत्रक केले की काम हमखास फसते. कोल्हापूरच्या वादात हा मुद्दा सतत येत राहिला: खालच्या वाहिन्या हलवल्या नाहीत, गटारे अर्धी, फूटपाथ तुटक, खांब जागेवरच. कोण चूक, कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवून जमिनीत काय होते ते पाहू.

जुन्या पेठेतल्या 12 मीटर रुंद रस्त्यावर एका ठिकाणी आडवा चर खोदला तर काय दिसेल? दोन्ही कडेला गटार. मीटरभर खाली बिडाची जुनी पाण्याची वाहिनी, तिचे सांधे शिशाचे. तिच्यातून घराघरांत गेलेल्या अर्धा इंची नळजोडण्या, दर चार-पाच मीटरला एक. ड्रेनेजची वाहिनी मधोमध, तिची चेंबरे 30 मीटरवर. विजेच्या केबल, टेलिफोनच्या केबल, आणि अलीकडच्या काळात कुणीकुणी टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या नळ्या, ज्यांचा नकाशा कुणाकडेच नाही. हे सगळे न हलवता वर काँक्रीटचा पट्टा ओतला तर पहिल्याच उन्हाळ्यात एखादी नळजोडणी गळते. गळती वर दिसत नाही, खालची माती भिजत राहते. पावसाळ्यात काँक्रीटच्या फरशीखाली पोकळी होते आणि एसटीचे चाक गेले की कोपरा तुटतो. मग ब्रेकरने दीड बाय दीड मीटर फोडायचे, जोड बदलायचा, वर खडी आणि डांबर भरायचे. काँक्रीटच्या रस्त्यात डांबराचा चौकोन बसतो आणि दोन महिन्यांत तो खड्डा होतो. डांबरी रस्त्यावर दुसरे दुखणे: दर खेपेला 40 मिलिमीटरचा थर चढतो पण चेंबरचे झाकण तिथेच राहते. तीन थरांनंतर झाकण 12 सेंटिमीटर खाली जाते. दुचाकीवाल्याला पाण्याने भरलेले ते गोल तळे दिसत नाही आणि तिथेच तो पडतो.

वाहिन्या हलवणे, चेंबर उचलणे, आडव्या नलिका आधीच टाकून ठेवणे ही कामे दाट वस्तीत एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शापर्यंत सहज जातात. ती कुणी करायची, महापालिकेने की ठेकेदाराने, हे करारात नेमके लिहिलेले नसेल तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. टोल भरणारा माणूस पावती हातात घेऊन तोच खड्डा चुकवतो. रास्त कराचा प्रश्न इथे येऊन रस्त्याच्या दर्जाला मिळतो. पैसे कुणी द्यायचे हे कितीही नीट वाटले, तरी रस्ता अर्धा असेल तर कुणीही द्यायला तयार होत नाही, आणि त्यांचे चुकत नाही.

रस्ता कोण झिजवतो?

न्याय्य वाटणीसाठी हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवत ठेवले. त्या चाचण्यांतून निघालेला ठोकताळा आजही डांबरी रस्त्याच्या रचनेचा पाया आहे: आसावरचे (चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरचे) वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज सुमारे 16 पट होते. वजनाच्या चौथ्या घाताने ती वाढते.

प्रमाण आस धरतात 8.16 टनांचा. लहान मोटारीचा एक आस साधारण 650 किलो. चौथ्या घाताने हिशेब केला तर एका प्रमाण आसाएवढी झीज करायला मोटारींचे सुमारे 25,000 आस लागतात, म्हणजे 12,000 हून जास्त मोटारी. जुलै 2018 मध्ये केंद्राने ट्रकच्या चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वजन वाढले पावणेतेरा टक्के, झीज वाढली 60 टक्क्यांवर. ऊस हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून जे वजन रस्त्यावरून जाते, त्याचा हिशेब तर कुणी ठेवतच नाही.

मग सगळा खर्च ट्रकवर टाकायचा का? नाही. शहरी रस्त्याच्या खर्चात वजनामुळे वाढणारा भाग म्हणजे थरांची जाडी आणि पुन्हा करायचे डांबरीकरण. गटार, फूटपाथ, दिवे, वाहिन्या यांना ट्रकच्या वजनाशी देणेघेणे नाही. आणि रस्त्याची रुंदी? ती मोटारींमुळे लागते, वजनामुळे नाही. एक उभी मोटार 12 चौरस मीटर जागा अडवते. महाद्वार रोडसारख्या ठिकाणी ही जागा रस्त्याचा सगळ्यांत दुर्मीळ भाग आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी फुकट दिली जाते.

मोटार वाहन कर राज्य सरकार घेते, 1958 च्या कायद्याने. पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते उपकर केंद्र घेते. 2000 च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यातून तो राष्ट्रीय महामार्ग, राज्यांचे रस्ते, ग्रामीण रस्ते आणि रेल्वे पूल यांना वाटला जायचा; 2018 पासून त्यात इतर पायाभूत कामेही आली. शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांना त्यात ठरलेला वाटा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल हे महापालिकेचे काम म्हणून लिहून ठेवले. कोल्हापूरच्या हद्दीत विकल्या गेलेल्या प्रत्येक लिटरवर आणि प्रत्येक नव्या गाडीवर कर गेला, पण ती गाडी ज्या रस्त्यावर चालते त्या रस्त्याच्या मालकाला त्यातले काही हक्काने मिळाले नाही. त्याच काळात जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, 1 ऑगस्ट 2015 पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता बंद झाला आणि त्याजागी राज्याकडून अनुदान सुरू झाले. काम खाली दिले, पैसा वर ठेवला. नऊ नाके या फटीतून उगवले होते.

शेवटी कुणी भरले?

459 कोटी रुपये. 220 कोटींच्या कामाचे दुपटीहून जास्त. 2011 च्या जनगणनेने राज्याची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. म्हणजे दर माणशी सुमारे 41 रुपये. कोल्हापूरकरांनीच ते भरायचे असते तर माणशी सुमारे 8,360 रुपये पडले असते. गडचिरोलीतल्या ज्या माणसाच्या गावाला पावसाळ्यात वाट राहत नाही, त्याच्याही 41 रुपयांतून रंकाळ्याकडचा रस्ता झाला. टोल गेला याचा आनंद खरा होता, पण खर्च गेला नव्हता. तो ज्यांना दिसत नाही अशांकडे सरकला, आणि दिसत नसल्याने त्यांच्याकडून आवाजही उठला नाही.

ही एकट्या कोल्हापूरची गोष्ट नाही. 2015 च्या जूनपासून राज्याने 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट दिली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. प्रत्येक वेळी करारातली भरपाई राज्याच्या अर्थसंकल्पात येते. माफीची घोषणा होते त्या दिवशी तिचा आकडा आणि तो कुठल्या शीर्षातून जाणार हे सोबत सांगणे कायद्याने बंधनकारक व्हायला हवे, असे आमचे ठाम मत आहे.

तेच 220 कोटी दुसऱ्या पद्धतीने

समजा तेच काम आज करायचे आहे. आधी रस्त्यांची विभागणी करावी लागेल. महामार्गाला जोडणारे, बाहेरची वाहतूक वाहून नेणारे रस्ते एकीकडे. शहराच्या आतले दुसरीकडे. विभागणी अंदाजाने करता येत नाही. नऊ प्रवेशांवर सलग सात दिवस, 24 तास वाहनगणना, आणि त्यातल्या निदान दहाव्या हिश्शाच्या गाड्या थांबवून कुठून आलात, कुठे निघालात ही विचारणा. पावसाळा आणि ऊस हंगाम अशा दोन वेळा. हे काम दोन महिन्यांचे आहे आणि त्याला प्रकल्पाच्या मानाने नगण्य पैसे लागतात. तरी बहुतेक प्रकल्पांत ते नीट होत नाही, आणि पुढचा प्रत्येक आकडा तिथेच वाकडा होतो.

गणनेतून असे निघाले असे धरू: 35 टक्के भार बाहेरून येऊन बाहेर जाणाऱ्या आणि अवजड वाहतुकीचा, 20 टक्के आसपासच्या गावांचा, 45 टक्के शहराचा.

पहिला हिस्सा 77 कोटी. तो राज्याने द्यावा, पण अनुदान म्हणून नाही. त्या जिल्ह्यात जमा झालेल्या मोटार वाहन कराचा ठरलेला टक्का म्हणून द्यावा. अवजड मालवाहू गाड्यांचा कर आज एकूण वजनावर आहे, तो आसावरच्या वजनावर न्यावा: तेवढेच वजन जास्त आसांवर वाटणाऱ्या गाडीला कमी कर. त्याने ट्रकवालाही योग्य गाडी घेईल. साखर कारखाना, गुळाचा बाजार, औद्योगिक वसाहत इथे वजनकाटे आधीच आहेत; त्यांच्या नोंदी परिवहन कार्यालयाला जोडल्या तर जादा भाराची वसुली रस्त्यावर गाडी अडवण्यापेक्षा कितीतरी सोपी होते.

गावांचा हिस्सा 44 कोटी. साडेआठ टक्क्यांनी 15 वर्षे, वर्षाला 5 कोटी 30 लाख. यासाठी हद्दवाढ लागत नाही. 2017 मध्ये 42 गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले आहे. नव्या बांधकामाच्या विकास शुल्कातला आणि मुद्रांक शुल्काच्या अधिभारातला ठरीव भाग वेगळ्या खात्यात टाकावा. जुन्या शेतकऱ्याच्या घरावर काही नाही, नव्या इमल्यावर आहे. शहराजवळ रस्ता चांगला झाल्याने ज्याच्या जमिनीचा भाव वाढला त्याने त्या वाढीतले थोडे द्यावे, यापेक्षा रास्त कर शोधून सापडणार नाही. अडचण एकच: बांधकाम मंदावले की जमा आटते. म्हणून पहिल्या दोन वर्षांची जमा राखीव ठेवल्याशिवाय या हिश्शावर कर्ज काढू नये.

शहराचा हिस्सा 99 कोटी, वर्षाचा हप्ता 11 कोटी 92 लाख. घरफाळ्याच्या बिलात रस्ता कर म्हणून वेगळी ओळ, 15 वर्षांपुरती, संपण्याची तारीख बिलावरच छापलेली. 80,000 लहान घरे, 30,000 मध्यम आणि 15,000 व्यापारी मिळकती आहेत असे समजा. लहान घराला वर्षाला 300 रुपये, मध्यमला 1,000, व्यापारी मिळकतीला 4,500 लावले तर मागणी होते 12 कोटी 15 लाख. कागदावर हप्ता भागतो. पण 85 टक्केच वसुली झाली तर हाती येतात 10 कोटी 33 लाख, आणि पहिल्याच वर्षी दीड कोटीची तूट पडते. अनेक चांगल्या योजना नेमक्या इथे मरतात. म्हणून दर मागणीवर न बसवता वसुलीवर बसवायचे: 350, 1,150 आणि 5,200. मागणी 14 कोटी 5 लाख, 85 टक्के म्हणजे 11 कोटी 94 लाख. लहान घराला महिन्याला 29 रुपये. जास्त वसुली झाली तर उरलेले पैसे त्याच खात्यात देखभालीला, दुसरीकडे वळवायचे नाहीत.

खाते एस्क्रोचे हवे, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय ज्यातून पैसे काढता येत नाहीत असे. कर्मचाऱ्यांचा पगार थकला म्हणून आयुक्तांनाही त्यातून पैसे उचलता येऊ नयेत. दुसरी अट अशी की रस्ता खोदणारा कुणीही असो, वीज कंपनी, फायबरवाला, खुद्द पाणीपुरवठा विभाग, खुदाईचे शुल्क आधी याच खात्यात भरल्याशिवाय परवाना नाही, आणि भरून काढण्याचे काम रस्त्याच्याच ठेकेदाराने करायचे. नाहीतर दायित्वकाळात (दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची असते त्या मुदतीत) खड्डा पडला की ठेकेदार खोदणाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि ते बोट बहुतेकदा बरोबर असते.

दुचाकीवर यात वेगळे काही नाही. ती चालवणारा लहान घराच्या बिलातून त्याचा वाटा देतोच. मोटारीचा वाटा मात्र रस्त्यावरच्या जागेतून यायला हवा. अंबाबाई मंदिराच्या भोवतालच्या गर्दीच्या रस्त्यांवर ताशी पार्किंग शुल्क लावले आणि दिवसाला 1,500 मोटारींकडून सरासरी 30 रुपये आले, तर वर्षाला 1 कोटी 64 लाख होतात. शहराच्या हप्त्याचा जवळजवळ सातवा भाग. ही रक्कम आली की लहान घरांचा 350 चा दर 200 वर आणता येतो, आणि तरीही थोडी शिल्लक राहते. हा ठराव महासभेत मांडताना दोन्ही आकडे एकाच पानावर शेजारी-शेजारी द्यावेत: पार्किंग फुकट ठेवले तर लहान घराला किती, आणि शुल्क लावले तर किती.